गस्तीनौका निवडण्याआधी बंदराचे पाणी पाहा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गस्तीनौका विकत घ्यायची म्हटले, की पहिला प्रश्न ‘वेग किती?’ असा येतो आणि निविदेतली सगळी चुरस त्या एका आकड्याभोवती फिरते. माझी नोकरी सरकारी नौकांच्या इंजिनघरात झाली आणि तिच्यातली बरीच वर्षे मुख्य तळापासून लांब असलेल्या लहान बंदरांवर गेली, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो आहे. अशा बंदरासाठी नौका निवडताना आधी तिथले पाणी पाहावे, मग तिथली दुरुस्तीची सोय आणि माणसे पाहावीत, आणि वेगाचे नाव त्यानंतर काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान बंदर बहुधा नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी वसलेले असते. मुखावर वाळूचा दांडा असतो, तो वादळांनी आणि पुरांनी सरकत राहतो, त्यामुळे काही वर्षांपूर्वी मोजून नकाशावर छापलेल्या खोलीवर विसंबता येत नाही. एका बंदरावर आमची नौका रात्री ओहोटीला धक्क्याशी चिखलात टेकलेली असताना मुखाबाहेर एक मासेमारी होडी इंजिन बंद पडून वाहत चालल्याचा निरोप आला. टाकीत डिझेल होते, खलाशी जागेवर होते, इंजिन ठीक होते. पण कण्याखाली पाणी यायला पावणेतीन तास लागले. होडीवरची माणसे शेवटी दुसऱ्या मच्छीमारांनी आणली. कागदावर आमची नौका त्या किनाऱ्यावरची सर्वांत वेगवान होती. तेव्हापासून मी नौकेचे माहितीपत्रक हातात आले, की प्रथम तिला किती पाणी लागते ते पाहतो, आणि तेही इंधन, पिण्याचे पाणी, माणसे आणि सामान पूर्ण भरलेले असताना. उथळ पाण्यात वेगाने चालणारी नौका आणखी खाली बसते आणि लाटेच्या खळग्यात कण्याखालचे पाणी आणखी कमी होते, हा हिशेब उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत खाली जाते तेव्हाचा, धरूनच करायला हवा.

उथळ पाणी म्हटले, की वॉटरजेट, म्हणजे पाणी आत ओढून मागे जोराने फेकत नौका ढकलणारे यंत्र, सुचवले जाते. न्यूझीलंडमध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात हे यंत्र उथळ नद्यांसाठीच विकसित केले आणि तळाखाली पंखा नसल्याचा फायदा खरोखर मोठा आहे. मात्र ते पाण्याबरोबर वाळू, शेवाळ आणि तुटक्या जाळ्याचे दोरही ओढते, आणि वाळूने त्याची पाती व आवरण झिजते. इंजिन थंड करायला घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचीही हीच गत होते. तापमानाचा काटा चढू लागला, की इंजिन बंद करून गाळणीचे झाकण उघडायचे आणि हात घालून नायलॉनचे धागे, कुजलेला पाला, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे ओढून काढायचे, हे काम मी हेलकावणाऱ्या नौकेत कंदिलाएवढ्या उजेडात कितीदा केले असेल! म्हणून दोन गाळण्या हव्यात, म्हणजे एक साफ करताना दुसरी चालू राहील. किंमत वाढते ती किरकोळ, पण हे कलम निविदेत मला क्वचितच दिसले.

आता वेगाविषयी. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेला वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या हलक्या नौकेचे गणित वेगळे असले, तरी खवळलेल्या समुद्रात तीही आपटू लागते आणि तांडेलाला वेग उतरवावाच लागतो. अमेरिकी तटरक्षक दलाची ४७ फुटी जीवरक्षक नौका मला या बाबतीत शिकण्यासारखी वाटते. तिचा कमाल वेग सुमारे २५ नॉटच (ताशी सुमारे ४६ किलोमीटर) आहे, पण फुटणाऱ्या लाटांत काम करण्यासाठी ती बांधलेली आहे आणि उलटली तर १० सेकंदांच्या आत स्वतःहून सरळ होते. गस्तीच्या नौकेलाच अनेकदा बुडत्यांना वाचवायला जावे लागते, तेव्हा हा गुण शोभेचा म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचा प्रश्न याहून बिकट आहे. ॲल्युमिनियम हलके असते, पण त्याचे वेल्डिंग करणारा कुशल माणूस आणि त्याला लागणारा वायू आडबंदरात मिळत नाही. पोलाद जड आणि गंजणारे, तरी त्याला ठिगळ लावणारा कुठेही सापडतो. ऑस्ट्रेलियाने १९८७ ते १९९७ या काळात प्रशांत महासागरातील १२ देशांना २२ गस्तीनौका दिल्या, तेव्हा ३१.५ मीटर लांबीच्या त्या नौकांत शक्य तिथे बाजारात सहज मिळणारी व्यापारी यंत्रसामग्री बसवली आणि सोबत तांत्रिक सल्लागारही पाठवले. लहान बेटांना आपापल्या पाण्यावर वर्षानुवर्षे गस्त घालता आली, ती या साध्या शहाणपणामुळे. याउलट अमेरिकेत ११० फुटी जुन्या नौका १३ फुटांनी वाढवून पिछाडीला लहान बोट उतरवण्याचा उतार बसवण्यात आला, आणि सांगाडा वाकू लागल्याने तशा आठही नौका २००६ मध्ये सेवेतून काढाव्या लागल्या. लहान बोट सोबत नेण्याची कल्पना उत्तमच आहे, किंबहुना जिथे मोठ्या नौकेला शिरताच येत नाही तिथे तोच मार्ग उरतो; पण ती सोय आराखड्यातच असावी, मागाहून जोडलेली नसावी.

नौका निवडणाऱ्या समितीतील अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी प्रत्येक बंदरावर उधाणाच्या ओहोटीला स्वतः उभे राहून, स्थानिक तांडेलाला सोबत घेऊन, मुखापासून धक्क्यापर्यंत खोली मोजून घ्यावी. निविदेत कमाल वेगाच्या जोडीला, नौका वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष समुद्रावर जाऊ शकेल याची हमी मागावी आणि पहिल्या पाच वर्षांचे सुटे भाग त्याच करारात घ्यावेत. चाचणीही शांत पाण्यात न घेता त्या बंदराच्या मुखावर, वारा असताना, पूर्ण वजन भरून आणि तिथल्याच खलाशांच्या हाती सुकाणू देऊन घ्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंजिनचालक