भोकांचा हिरा

ऐरोली,
रविवार रात्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काल एसीच्या पाइपसाठी भिंतीत कोअर कटिंग केलं. काम झाल्यावर त्या पोराने बिट धुऊन माझ्या हातात दिलं. पोलादी नळीच्या तोंडाला राखाडी दात, दातांत हिऱ्याची कणी. ही कणी आता कारखान्यातली. पण दीडशे वर्षांपूर्वी खडक पोखरायला खरा काळा हिरा लागायचा, कार्बोनाडो. तेव्हापासून तोच डोक्यात आहे.

पारसिकच्या क्वारीतून आपण काळे दगड आणायचो, आठवतं? भोकाभोकांचे, आत पांढरे स्फटिक. त्या भोकांचं उत्तर सरांनी एका वाक्यात दिलं होतं: लाव्हा थिजला, वायूचे बुडबुडे आत राहिले. कार्बोनाडोही काळा आणि सच्छिद्र, पण त्याच्या भोकांचं कोडं कुणाला सुटलेलं नाही. साधा हिरा घडतो जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर. तिथल्या दाबात पोकळी टिकेल कशी? साध्या हिऱ्यात खोलवरचं गार्नेट हे खनिज अडकलेलं मिळतं, याच्या भोकांत मात्र वरच्या कवचातली खनिजं. साधे हिरे खोलातून वर आणणाऱ्या किंबरलाइट या ज्वालामुखीच्या खडकात तो एकदाही सापडलेला नाही. सापडतो तो नदीच्या गाळात, तोही मुख्यतः ब्राझील आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, या दोन देशांत. ते भूभाग एकेकाळी जोडलेले होते!

कार्बोनाडोत असंख्य बारीक स्फटिक वाटेल तशा दिशांना एकमेकांत घट्ट गुंतलेले, म्हणून तडा सरळ धावत नाही. एरवी हिरा ठरावीक दिशांना सरळ दुभंगतो, हा दाद देत नाही. १८९५ साली ब्राझीलच्या बाहियात ३,१६७ कॅरटचा 'सर्जिओ' नावाचा कार्बोनाडो मिळाला, कलिनन या सर्वांत मोठ्या रत्न-हिऱ्यापेक्षाही मोठा. त्याचे तुकडे करून ड्रिलला लावले. वाचून जीव हळहळला रे.

२००६ मध्ये गाराई आणि हॅगर्टी या संशोधकांच्या गटाला त्यात हायड्रोजनच्या खुणा दिसल्या. त्यांच्या मते हा हिरा हायड्रोजनने भरलेल्या अंतराळात घडला आणि लघुग्रहाबरोबर इथे पडला. कल्पना सुंदर आहे, पण असा हिरा कुठल्याही उल्केत मिळालेला नाही, म्हणून माझं मन घेत नाही. शिवाय त्यातल्या कार्बनमध्ये हलक्या अणूंचं प्रमाण जास्त आहे, सजीवांत असतं तसं; म्हणजे तो कार्बन इथलाच असू शकतो. पण मग त्याला हिरा करणारा दाब कुठून आला? इथे मीही अडतो. जो भोकांचा हिशेब देईल, त्याचंच मी मानणार.

भिंतीतून निघालेला गोल तुकडा टेबलावर ठेवलाय. क्वारीतला तो मोठा दगड तुझ्याकडेच आहे ना? दिवाळीत येताना आण. भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
मिलिंद