‘मॅकबेथ’ : रविवारची अभ्यासबैठक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातली महत्त्वाची अवतरणे आणि आशयसूत्रे घेणार आहोत.

- अंक २ आणि ५ पुन्हा वाचून या. राजा डंकनच्या खुनानंतर मॅकबेथची बायको लेडी मॅकबेथ म्हणते, थोड्याशा पाण्याने हे धुऊन निघेल. पाचव्या अंकात तीच झोपेत चालताना हातावरचा डाग चोळत राहते, आणि तो जात नाही. अपराधभावाची चर्चा इथूनच सुरू करू, मला या दोन प्रसंगांची जोडी सगळ्यात मोलाची वाटते.
- महत्त्वाकांक्षेसाठी अंक १, प्रवेश ७.
- प्रत्येकाने एक अवतरण निवडावे. कोण, कोणाला, केव्हा म्हणते हे वहीत लिहून आणावे. नुसते पाठांतर नको.

येणार नसाल तर शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.