तीन शून्यं कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जर्मनीच्या 1923 मधल्या महागाईवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, आपलाच चष्मा दगा देतोय. 'नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 अब्ज मार्क'! अहो, 4 लाख 20 हजार कोटी. जर्मन माणूस 'बिलियन' म्हणतो ते आपलं लाख कोटी. आपल्या अब्जाला तो 'मिलियार्ड' म्हणतो, अमेरिकन मात्र त्यालाच 'बिलियन' म्हणतो. आपल्या विद्वान लेखकांनी जर्मन बिलियनला अमेरिकन टोपी घातली आणि तीन शून्यं गिळून टाकली.

मला हे सहावीत असताना कळलं, तेही चांगलं पदरमोड करून. वर्गातल्या एका बहाद्दराकडे '50 मिलियार्डेन' छापलेलं जर्मन तिकीट होतं. एवढा मोठा आकडा एवढ्याशा कागदावर! मी त्याच्या बदल्यात माझं 1948 चं गांधीजींचं बारा आण्यांचं तिकीट देऊन टाकलं. वडील पोस्टात होते. रात्री त्यांनी ते जर्मन तिकीट चिमट्यात धरून दिव्यापुढे नेलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "पन्नास अब्जांचे मालक झालात, वा! आता जाऊन गांधी परत आणा." बहाद्दराने अर्थातच परत दिले नाहीत. तुमच्या पुरवणीतल्या भावाने त्या तिकिटाचे जवळजवळ बारा डॉलर आले असते. खऱ्या भावाने सव्वा सेंटसुद्धा नाही. म्हणजे वडील बरोबर होते आणि तुम्ही चूक आहात. त्याच वर्षी 30 फेनिगच्या (शंभर फेनिगचा एक मार्क) जुन्या तिकिटांवर '8 हजार' असा शिक्का मारून ती विकत होते, नवी छापायला उसंतच नव्हती. हातगाडीभर नोटांचा तो फोटो सगळेच छापतात, एखादं तिकीट छापलं असतं तर?

बरं, आकडा सोडा. 'महागाईने आणला हिटलर' हे ठळक मथळ्यात कोणत्या हिशेबाने? 1923 च्या नोव्हेंबरात म्युनिकला त्याचा उठाव दोन दिवसांत आपटला. 15 तारखेला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं, एका रेंटेनमार्कला लाख कोटी कागदी मार्क, आणि भाव थांबले. 1928 च्या निवडणुकीत संसदेच्या 491 पैकी त्याच्या पक्षाला जागा किती? 12. पुढे 1930 मध्ये 107 आणि जुलै 1932 मध्ये 230 झाल्या, तेव्हा भाव चढत नव्हते, उतरत होते! चॅन्सेलर ब्र्यूनिंग पगार कापत होते, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग घटनेच्या कलम 48 खाली, म्हणजे संसदेला बाजूला ठेवून, वटहुकुमांवर सह्या करत होते आणि साठ लाख माणसं बेकार होती. लेखात कलम 48 चा उल्लेखही नाही. जागा कमी पडली असेल, हातगाडी मोठी होती ना!

ज्यांची आयुष्यभराची शिल्लक त्या वर्षात मातीमोल झाली त्यांनी प्रजासत्ताकाला कधी माफ केलं नाही, एवढं मी मान्य करतो. मी स्वतः मुदत ठेवीच्या व्याजावर जगणारा माणूस आहे, मला ते कळतं. पण सगळं खापर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर भरपाई लादणाऱ्या व्हर्सायच्या तहावर फोडताना, कैसरच्या सरकारने 1914 पासून युद्धाचा खर्च मुख्यतः कर्ज काढून भागवला, 'जिंकलो की हरलेल्याकडून वसूल करू' या भरवशावर, हेही एका ओळीत सांगता आलं असतं. आणि फ्रेंच सैन्य रूर या जर्मन कोळसा-पोलाद पट्ट्यात घुसल्यावर त्याविरुद्ध काम थांबवणाऱ्या संपकऱ्यांचे पगार सरकारने नोटा छापून दिले, हे दुसऱ्या ओळीत.

दुरुस्ती छापणार असाल तर गेल्या वेळेसारखी निविदांच्या खाली, भिंग घेऊन शोधावी लागेल अशी छापू नये. आणि शब्दकोड्याचं उत्तर तीन रविवार झाले दिलेलं नाही. आडवा 14 अजून अडलेला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे