तळव्यातला काटा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीच्या चवथीहून परत येऊन आठ दिवस झाले, तरी बाबांचा तो तळपाय डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा, तुम्ही दारापुढच्या बाल्कांवावर बसून पाय पुसत होता. अंगठ्याच्या मुळाशी काळा ठिपका दिसला म्हणून मी वाकले, तर लिंबाचा काटा! आत रुतलेला, भोवती लालसर. कधी घुसला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "कुठला काटा?" त्या काट्यावर तुम्ही कुळागरात, पोफळीच्या बागेत फिरलात, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला स्टुलावर चढलात, आरत्यांना तासभर उभे राहिलात. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर सांगायला गेलं की "बरं, बरं" म्हणून विषय पावसावर जातो. म्हणून हे पत्र.

आपल्या घरात पायांसाठी एकच डबा आहे. त्यात भिंडेलाचा म्हणजे कोकमतेलाचा गोळा, वजरी, नेलकटर, जुनं ब्लेड आणि एक मलमाची ट्यूब. ज्याला जे दुखेल त्याने त्यातलं लावायचं. इथून पुढे तसं नको. आई, तुझ्या पायाला काही टोचलं तर तुला लगेच कळतं. बाबांना कळत नाही. मधुमेहात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. सर्वांत लांबच्या नसांना आधी झळ लागते, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. त्यात पायाकडे रक्तही कमी पोचलं, तर साधं खरचटलेलंही भरून यायला महिने लागतात. जो उपाय तुला बरा, तोच बाबांना घातक ठरू शकतो.

आई, तुझ्या भेगांचं आधी सांगते, ते सोपं आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडव, वजरी हलक्या हाताने फिरव, टिपून कोरडे कर आणि लगेच भिंडेल चोळ. वर सुती मोजे घालून झोप. आजीची ही रीत चांगलीच आहे, फक्त ती तेल कढत करून भेगेत सोडायची, तेवढं करू नकोस. टाच फारच जाड झाली असेल तर २५ टक्के युरिया असलेलं क्रीम मिळतं, ते लाव. भेगेतून रक्त येत असेल तेव्हा वजरीला हात लावायचा नाही. आणि बिब्बा अजिबात नको. त्याने कातडी भाजते, फोड येतात. पावसात भेगा उघड्या ठेवून गोठ्यात किंवा पाटाच्या पाण्यात उतरू नकोस. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोच्या तापाचे जंतू अशाच भेगांतून अंगात शिरतात.

बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या तुम्हा दोघांनाही झाल्या आहेत. त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं मी वाचली. त्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल नावाचं जोरदार स्टेरॉइड आहे. लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला, पण बुरशी आतल्या आत पसरते आणि कातडी पातळ होते. दुकानातून नुसतं "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलं की असं होतं. ती ट्यूब टाकून दे. नुसतं क्लोट्रिमाझोल, १ टक्का, एवढंच मागा. दिवसातून दोनदा लावायचं, आणि बेचकं साफ दिसू लागलं तरी पुढे दोन आठवडे चालू ठेवायचं. पण बाबा, तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा, मग लावा. मलमापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आंघोळीनंतर प्रत्येक बेचकं कोरड्या फडक्याने पुसणं. तेल, क्रीम बेचक्यात कधीच नाही, तिथे ओल राहते.

आता बाबा, तुमचं. कुरूप ब्लेडने तासणं आजपासून बंद. औषधाच्या दुकानातल्या कुरुपाच्या पट्ट्याही नकोत, त्यांतलं अॅसिड चांगली कातडीही खातं, आणि खाताना तुम्हाला समजणार नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं नाही. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं, किंवा आईला बघायला सांगायचं. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका, कोरलं की नख मांसात घुसतं. आईचं नख असं रुतलं असतं तर मी मिठाच्या कोमट पाण्याचा शेक सांगितला असता. तुमच्यासाठी मात्र थेट डॉक्टर.

उजव्या अंगठ्याचं पिवळं, जाड झालेलं नख बहुधा बुरशीचं आहे, पण ते नखाचा तुकडा तपासूनच ठरवतात. वरून लावायचं साधं मलम जाड नखात मुरत नाही. गोळ्या लागल्या तर साधारण तीन महिने घ्याव्या लागतात आणि आधी लिव्हरची तपासणी करतात. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेव्हा दोन महिन्यांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

येत्या आठवड्यात फोंड्याला जाऊन पाय तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक तारेचं टोक तळव्यावर हलकं दाबून कुठे जाणीव आहे ते बघतात, घोट्याजवळची नाडी बघतात. साखरेच्या गोळ्या इतकी वर्षं चालू आहेत, तर बी-१२ची तपासणी हवी का, तेही विचारा. काही गोळ्यांनी ते कमी होतं आणि त्यानेही मुंग्या येतात.

आई, रोज रात्री जेवण झालं की बाबांचे तळवे दिव्याखाली बघ. लाली, फोड, ओल, वास, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची, पण परवाची नाही. पू, काळी पडलेली जागा, वर चढणारी लाल रेघ किंवा ताप असेल तर त्याच रात्री बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात निघायचं. १०८ला फोन करायला संकोच नको.

बाबा, अनवाणी चालणं तुम्हाला सोडवणार नाही, हे मला ठाऊक आहे. पोफळीत अनवाणी उतरायची सवय लहानपणापासूनची. पण देवळातही दुपारची तापलेली फरशी तुम्हाला कळणार नाही, जाड सुती मोजे घालून प्रदक्षिणा घाला. देव काही म्हणणार नाही.

पार्सलमध्ये घरात घालायच्या मऊ रबराच्या एमसीआर चपला, चार जोड मोजे, तळवा बघायला लांब दांड्याचा आरसा आणि कुळागरासाठी गमबूट ठेवले आहेत. बूट रोज घालण्याआधी उलटे करून झाडा, आत हात फिरवा. पाय संध्याकाळी थोडे सुजतात म्हणून माप संध्याकाळीच बघा. अंगठा पुढे टेकत असेल तर घालू नका, कळवा, मी मोठे पाठवते.

तुमची लेक