थेट नीत्शेवर उडी नको

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेवरचं व्याख्यान तू अर्ध्यात सोडलंस आणि लिहिलंस, ‘हा माणूस नुसता चिडलेला वाटतो, कशावर ते कळत नाही.’ कळणार कसं? तो ज्यांच्यावर चिडलाय त्यांना तू अजून भेटलीच नाहीस. सॉक्रेटिस, ख्रिस्ती नीती, कांट, शिवाय ज्याला त्याने आधी गुरू मानलं तो शोपेनहाउअर, या सगळ्यांशी त्याचं भांडण आहे.

म्हणून तत्त्वज्ञानाचा इतिहास सुरुवातीपासून ऐक. आर्थर होम्स या प्राध्यापकांचा ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंतचा ८१ व्याख्यानांचा अभ्यासक्रम आहे, अमेरिकेतल्या व्हीटन कॉलेजच्या वर्गातच रेकॉर्ड केलेला. शिकवणं उत्तम. पण तुला मी आधी पीटर अ‍ॅडमसन ऐकायला सांगेन. २०१० पासून त्यांचं पॉडकास्ट चालू आहे, भाग बहुधा वीसेक मिनिटांचे, आणि मधलं कोणीही गाळायचं नाही हा त्यांचा हट्ट. एरवी अ‍ॅरिस्टॉटल संपला की थोडेसे ख्रिस्ती संत आटपून गाडी थेट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तवर. एक इ. स. पू. ३२२ मध्ये वारला, दुसऱ्याचं मुख्य पुस्तक १६४१चं. मधली जवळजवळ दोन हजार वर्षं माणसं काय झोपली होती?

त्या मधल्या काळातला इब्न सिना मला फार आवडतो. अकराव्या शतकातला हा वैद्य आणि तत्त्वज्ञ म्हणतो: समजा, एक माणूस एकदम पूर्ण वाढलेला निर्माण झाला. तो हवेत तरंगतोय, डोळे झाकलेले, कानावर काही पडत नाही, हातापायांचा एकमेकांना स्पर्शही नाही. आपल्याला शरीर आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. तर मग आपण आहोत, एवढं तरी त्याला कळेल का?

इथे रेकॉर्डिंग थांबव. अगं, खरंच थांबव. इब्न सिनाचं उत्तर पुढच्याच मिनिटाला येतं आणि ते एकदा कानावर पडलं की आपल्याला आधीपासून तसंच वाटत होतं असा भास होतो. आधी स्वतःचं उत्तर वहीत लिही, चार ओळी पुरेत. मग पुढे ऐक, आणि सहाशे वर्षांनंतरच्या देकार्तपर्यंत पोचलीस की ते पान पुन्हा काढ. ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे तेव्हा भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटणार नाही.

देकार्तपाशी मात्र सावकाश जा. मन वेगळं, शरीर वेगळं, हे त्याचं म्हणणं. १६४३ साली बोहेमियाच्या राजघराण्यातल्या एलिझाबेथने त्याला पत्रातून विचारलं, की ज्या मनाला आकारमानच नाही ते शरीराला हलवतं कसं? ती तेव्हा चोवीस वर्षांची होती, घराणं परागंदा झालेलं. देकार्तने वजनाचा दाखला दिला: जडपणा वस्तूला खाली नेतो, पण तो काही तिला बाहेरून ढकलत नाही. बाईंना ते पटलं नाही. त्यापेक्षा मनालाच आकारमान आहे असं मानणं सोपं, असं तिने स्पष्ट कळवलं. यावर महाशय सांगतात, की अशा निव्वळ बुद्धीच्या विषयांना आपण वर्षातले थोडेच तास देतो! मला तर ही सरळसरळ बगल दिल्यासारखी वाटते. ती पत्रं मिळाली तर मुळातून वाच. नुसत्या व्याख्यानांवर भागवू नकोस.

वेगाचं म्हणशील तर चरित्राचा भाग खुशाल दीडपट पळव. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीस तारे बघता बघता विहिरीत पडला, हे सावकाश ऐकून काही जास्त कळत नाही. युक्तिवाद सुरू झाला की वेग नेहमीचा.

आणखी एक. व्याख्यात्यालाही स्वतःचं मत असतं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरची व्याख्यानं तो १८३१ मध्ये गेल्यावर विद्यार्थ्यांच्या टिपणांचाही आधार घेऊन छापली गेली. ती वाचताना वाटतं, सगळा इतिहास हेगेलपर्यंत पोचायलाच घडला. होम्स श्रद्धावान ख्रिस्ती, तेही जाणवतं. त्यात वावगं काही नाही; फक्त स्पिनोझासारखा तत्त्वज्ञ, ज्याला त्याच्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये बहिष्कृत केलं, तो होम्स आणि अ‍ॅडमसन दोघांकडून ऐक.

तुझ्या वहीतलं तरंगत्या माणसाचं उत्तर मला पाठव. इब्न सिनाशी माझं पटत नाही, पण का ते तुझं वाचल्यावरच सांगेन.

तुझा,
बाबा