आपला वर्म मरळीच्या पोटात

इंदूर,
रविवार

प्रिय अव्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू जे बोलणार आहेस ते मी मनात ऐकून घेतलंय, ते राहू दे. तब्येत बरी, शुगर ताब्यात, आईचा गुडघा होता तसाच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि हे तू सलग ऐकायला हवं.

मागच्या आठवड्यात महूच्या पुढच्या तलावावर, आपल्या बाभळीपाशी, मरळ लागली. पाणी पार उतरलंय, गवताच्या कडेने नकली बेडकाचं आमिष ओढत होतो, तिथेच घेतली. चांगली हातभर, पण डोकं मोठं आणि अंग बारीक. तेव्हाच जरा खटकलं. घरी ही कापायला बसली आणि आतून हाक आली, "अहो, हिच्या पोटात रबर आहे."

वर्म होता, अव्या, आपण ओततो ते मऊ प्लास्टिकच्या किड्याचं आमिष. काळा, लाल चमकीचा. फुगून जवळजवळ दुप्पट जाड झालेला, काळा उडून राखाडी पडलेला. आणि शेपटीकडून तिसऱ्या कड्यावर ती पुटकुळी.

आता हे मी कुणाला सांगू? हिला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल कुणाचा तरी." कुणाचा तरी कसा असेल! साबणाच्या वडीवर मूळ नमुना तू कोरलास, सियागंजातून आणलेलं प्लास्टर त्यावर ओतलं आणि त्यात बुडबुडा राहिला. साच्यात खळगा म्हणजे प्रत्येक वर्मावर फोड. प्लास्टर तू ढवळलंस, मी फक्त ओतलं. डबा आपट, हवा निघू दे, हे मी म्हणालो होतो आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. पण त्या फोडामुळे एवढं नक्की कळलं की हा आपला.

मी टाकलेला नव्हे. काळा-लाल मी दोन पावसाळे वापरलेलाच नाही, सगळे त्या रविवारच्या पोरांना देऊन टाकले होते. पोरं चांगली आहेत, आपण होतो त्याहून शहाणी आहेत. पण गळावर वर्म नीट चढवत नाहीत. मरळ शेपटी धरते, हिसका देते, वर्म निघून येतो आणि पाण्यात राहतो. गळ असता तर तो गंजून कधीतरी संपला असता. हे कधी संपतं? तूच सांग, तू आयुष्य पीव्हीसीच्या पाइपात काढलंस.

तू नेहमी त्या निक क्रीमची गोष्ट सांगायचास, १९४९ साली ओहायोत, अ‍ॅक्रनला, घरच्या स्वयंपाकघरात त्याने पहिला प्लास्टिकचा वर्म ओतला ती. आपल्याला ती केवढी भारी वाटायची. नवराबायको चुलीशी उभे आणि त्यातून जगभरचा धंदा उभा राहिला. आता मला एकच दिसतं, की त्यानंतर पाण्यात राहिलेले किती असतील. अमेरिकेतल्या मेन राज्यात तर २०१३ साली असल्या आमिषांवर बंदीचं विधेयकच आलं होतं. बंदी झाली नाही, आधी अभ्यास करा असं ठरलं. म्हणजे पोटात रबर सापडलेले आपणच पहिले नाही.

ओतणं सोडावं का, हा माझा प्रश्न आहे. चार रात्री तोच घोळतोय.

सोडवत नाही, हे तुला माहीत आहे. गच्चीवरचा तो जुना मायक्रोवेव्ह, ज्यात अन्न कधी जाऊ द्यायचं नाही म्हणून तू लाल रंगाने कवटी काढून ठेवलीस, ती कवटी अजून आहे. प्लॅस्टिसॉल, आपलं ते ओतायचं पातळ पीव्हीसी, आधी दुधासारखं पांढरं, मग गोळा होतं, हाताला जड लागतं, आणि १७५ अंशाच्या पुढे एकदम पातळ आणि काचेसारखं स्वच्छ होतं. तो क्षण बघायला मी आजही मास्क लावून वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा राहतो. जास्त तापलं की पिवळं पडतं आणि घशात शिरणारा आम्लाचा धूर येतो. तुला एकदा कशी उबळ आली होती, आणि खालच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या होत्या! तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती.

तर मी काय करून पाहिलं ते ऐक. पहिलं, मीठ बंद. मिठाने वर्म लवकर बुडतो आणि मासा जरा जास्त वेळ धरून ठेवतो, पण अंग ठिसूळ होतं, दोन चाव्यांत फाटतं. दुसरं, चमकी बंद. तीही प्लास्टिकच. तिसरं, मऊ करणारं तेल कमी घालून जरा घट्ट मिश्रण ओतलं. घट्ट वर्म फाटत नाही, पण शेपटी हलतच नाही, आणि शेपटी मेली तर मरळ ढुंकून बघत नाही. इथेच गाडी अडलीय. जिलेटिन आणि ग्लिसरीनचेही ओतले. आपल्या उन्हात ते फेकायच्या आधीच ढिले पडतात. सिलिकॉन टिकतं, पण त्याचं उरलंसुरलं पुन्हा वितळवता येत नाही.

पीव्हीसीचं तेवढं बरं की फाटलेले परत वितळतात. म्हणून पोरांना सांगितलंय, पाच फाटके आणा, एक नवा न्या. आणतात! बाभळीखालचेही वेचून आणतात. सगळे रंग मिसळून मातकट तपकिरी होतो, पण गढूळ पाण्यात तोच चालतो. फक्त ते आधी दिवसभर उन्हात खडखडीत वाळवतो. ओल राहिली की वाफ होते आणि तापलेलं प्लास्टिक उडतं; साच्याचंही तेच. वर्म डोक्याशी फेव्हिक्विकच्या थेंबाने गळाच्या दांडीला चिकटवायचा, हेही मी त्यांना बसवून शिकवलं. तरी जो एक तुटून जातो तो जातोच.

तू म्हणशील, लोक तलावात पोती फेकतात आणि हा एका वर्मासाठी रडतो. पोती मी बनवत नाही रे. हा मी हाताने बनवला, आणि त्यावर तुझा फोड आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. तुमच्याकडे थॅलेट हे रसायन नसलेलं, मऊ करणारं तेल येतं ना, त्याचं नाव आणि मिश्रणाचं प्रमाण लिही. आणि घट्ट अंग, मऊ शेपटी असं एकाच साच्यात दोनदा ओतलं तर जोड धरेल का? गरमावर गरम ओतलं तर धरेल असं मला वाटतं. तुझं "नाही" आधी कारणासकट लिही, मग भांडू.

हो, मुलीच्या नव्या नोकरीचं ऐकलं, खूप आनंद झाला. घराचा ताबा मिळाला का? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, त्यांना माझा नमस्कार सांग.

१६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारीला बंदी आहे. मधल्या दोन महिन्यांत मी नवा साचा करणार आहे. नमुना तूच कोर आणि कुरियरने पाठव. प्लास्टर या वेळी मी ढवळणार.

तुझा,
बाळ्या