रिव्हिएराचा घाट दोन तासांत उरकू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच रिव्हिएराच्या, म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या, ड्रायव्हिंग ट्रिपवरचा लेख वाचला. फोटो सुंदरच होते, पण नीस ते मोनॅको रस्ता दोन तासांत आरामात उरकतो असं लिहून पुढं सगळी जागा कॅसिनो, यॉट आणि महागड्या गाड्यांवर खर्च केलीय, रस्त्याबद्दल एक ओळ नाही. वाचून मनापासून वाईट वाटलं म्हणून लिहितोय. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली निम्म्याच्या वर वर्षं वरंधा आणि आंबेनळी घाटात गेली. मुलगी फ्रान्समध्ये लिऑनला नोकरीला आहे, गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं चार दिवस गाडी भाड्यानं घेतली, आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट माझ्याकडे होतं आणि गाडी बहुतेक मीच चालवली. त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही.

मुळात तिथं रस्ता एक नाही, तीन आहेत. डोंगर सरळ समुद्रात उतरतो आणि त्याच्या अंगावर एकाच्या वर एक असे तीन रस्ते काढलेत, नीसपासून इटलीच्या हद्दीजवळच्या माँतोंपर्यंत. कॉर्निश म्हणजे कड्याच्या अंगानं जाणारा रस्ता: खालचा बास कॉर्निश, मधला मोयेन कॉर्निश, वरचा ग्रांद कॉर्निश. आपले बहुतेक लोक खालच्यानं जातात कारण मॅपमध्ये समुद्र त्यालाच चिकटलेला दिसतो. पण तो गावागावांतून जातो, सिग्नल, स्कूटर, पार्किंगसाठी घिरट्या, ड्रायव्हरला समुद्र काही दिसत नाही. त्या पट्ट्यासाठी रेल्वे आहे ना, लाइन अगदी पाण्याच्या कडेनं जाते आणि नीसहून मोनॅकोला अर्ध्या तासाच्या आत पोचवते. मधे व्हिलफ्रांशला उतरा, बंदर बघा, पुढची गाडी पकडा.

मधल्या रस्त्यावर एझ गाव लागतं, समुद्रापासून सव्वाचारशे मीटरच्या वर, कड्याच्या टोकावर. नीसकडून येताना बोगदा, वळणं, एक उंच पूल आणि मग ते गाव एकदम समोर. गावात गाडी जात नाही, खाली लावून चालत चढायचं. अकरा वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, खरं तर तिथं सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच जावं. त्याच रस्त्यावर एका आंधळ्या वळणावर समोरून सिटी बस आली. जागा कमी, मी चढावर, तो उतारावर. त्यानं बस भिंतीला चिकटवली, आरसा आत घेतला आणि मला हातानं ये म्हणाला. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्याकडचा घाटाचा नियम तिथल्या कायद्यातही आहे. मी जाताना हात वर केला, त्यानंही केला. इतकी वर्षं हेच करत आलो, भाषा येत नसलेल्या देशात तेच घडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

पण खरा घाट वरचा. ग्रांद कॉर्निश नेपोलियनच्या काळात बांधला, त्याआधी जवळपास त्याच वाटेनं रोमन लोकांचा रस्ता जायचा. नीसमधून चढायला लागलं की आधी वेधशाळा लागते, तिचा मोठा घुमट आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा. मग झाडी, मग उघडा डोंगर, आणि कोल द'एझ या खिंडीत रस्ता ५०० मीटरच्या वर असतो. आम्ही एका रुंद जागेवर गाडी घेतली. खाली काप फेराचं भूशिर पाण्यात घुसलेलं, दगड गरम, पाइनच्या चिकाचा वास, आणि हॉर्न कुठूनच नाही. सकाळपासून गाडीतलं वरचं हँडल घट्ट धरून बसलेली आमची ही पहिल्यांदा कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि वीस मिनिटं तिथून हललीच नाही, मीही हाक मारली नाही. तिथं सायकलवाले खूप असतात, पॅरिस-नीस शर्यतीतही ही चढण कितीदा येते. गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे आणि लोक तो खरोखर पाळतात, नाही जमत तर मुकाट्यानं मागं राहतात.

पुढं ला तुर्बी गाव. सम्राट ऑगस्टसनं आल्प्समधल्या ४५ टोळ्या जिंकल्या त्याचं स्मारक इथं आहे, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दहा वर्षांतलं. मूळची उंची साधारण ५० मीटर होती म्हणतात, आता ३५ उरलीय, दगड लोकांनी घरांना वापरले. त्याच्या पायथ्याच्या गच्चीवरून अख्खं मोनॅको खाली दिसतं, सगळा देश मिळून दोन चौरस किलोमीटर. मोनॅको बघायला मला तरी हीच जागा आवडली, खाली जाऊन कॅसिनोच्या दारात फोटो काढण्यापेक्षा.

आता लेखातली एक चूक, आणि ही दुरुस्ती कृपया छापा. मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस, म्हणजे पूर्वीची हॉलिवूडची नटी ग्रेस केली, यांचा अपघात मधल्या कॉर्निशवर झाला असं लिहिलंय. तसं नाही. १३ सप्टेंबर १९८२ ला गाडी दरीत गेली तो रस्ता म्हणजे डी ३७, ला तुर्बीकडून मोनॅकोच्या बाजूला उतरणारा, दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. गाडी चालवतानाच त्यांना स्ट्रोक आला असं डॉक्टरांचं मत होतं. सोबत मुलगी स्टेफनी होती, ती वाचली. मी तो उतार उतरलोय, कोपरासारखी वळणं आहेत, सेकंड गिअर सोडायचा नाही आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. गिअर उजव्या हाताला, इंडिकेटर डावीकडे, तेव्हा पहिला दिवस मोकळ्या रस्त्यावर हात बसवा. गावात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी फोटो काढा. आम्ही काढले नाहीत आणि दीड महिन्यानं भाड्याच्या कंपनीनं बंपरच्या ओरखड्याचे पैसे कार्डावरून कापले, तो ओरखडा आमचा होता की आधीचा हे सिद्ध करायला हातात काहीच नव्हतं.

आणि दिशा. तिकडे गाडी उजव्या बाजूनं चालते, त्यामुळं नीसहून माँतोंकडे जाताना तुम्ही दरीकडच्या लेनमध्ये असता आणि येताना डोंगराकडच्या. घाटाची सवय नसेल त्यानं आधी हायवेनं माँतोंला जावं, रात्री तिथंच राहावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या रस्त्यानं नीसकडे यावं, म्हणजे डोंगर बाजूला असतो आणि ऊन पाठीमागं. संध्याकाळी तोच रस्ता केला तर मावळतीचं ऊन काचेवर येतं आणि वळण दिसत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक, महाड